कंडी कशी पिकते?

गावात एखादी वावडी उठली की आपण सुशिक्षित मंडळी बहुधा एकच निदान करून मोकळे होतो : लोक अडाणी आहेत. हे निदान सोपे असले तरी शास्त्राला धरून नाही. अफवा हा मूर्खपणाचा नव्हे, तर अस्वस्थ मनाचा व्यापार आहे, असे गेल्या शतकातील मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. गावात ज्याच्या शब्दाला अजून वजन आहे अशा शिक्षकाने तरी तो व्यापार नीट समजून घेणे अगत्याचे आहे. का अगत्याचे, ते सांगण्यास एक उदाहरण पुरे.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे, बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातली, भिक्षेसाठी तेथे आली होती. मुले पळविणारी टोळी हिंडत आहे, अशी कंडी त्या भागात आधीच पिकली होती. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलू लागला, एवढेच निमित्त झाले. जमावाने त्यांस धरले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले आणि पाचही जणांस मारून टाकले. मारणारे काही दरोडेखोर नव्हते; रोजच्या व्यवहारात भेटणारी संसारी माणसेच होती. हे मी समर्थन म्हणून लिहीत नाही. परंतु कारण शोधावयाचे तर ते येथूनच शोधावे लागते.

त्या सुमारास देशभर भ्रमणध्वनींवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. मूळ चित्रफीत कराचीतील असून मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांस सावध करण्यासाठी ती मुद्दाम अभिनय करून घेतलेली होती. तिच्या अखेरीस ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवितात. हा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला. तेवढ्याने बोधपटाचा पुरावा झाला.

अमेरिकेतील गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवेवर एक ग्रंथ लिहिला. अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकाराएवढा असतो, असे सूत्र त्यांनी मांडले : विषयाचे ऐकणाऱ्यास वाटणारे महत्त्व आणि त्याविषयीच्या माहितीतील संदिग्धता. बेरीज नव्हे, गुणाकार. हे गणित शिकविणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. दोहोंपैकी एक शून्य झाले की गुणाकार शून्य होतो. आता आपल्या मुलांच्या जीविताचे महत्त्व कोणत्या आईबापास शून्य वाटेल? ते कमी होणे शक्य नाही आणि इष्टही नाही. म्हणजे हात घालता येतो तो संदिग्धतेलाच. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असा फलक लावल्याने संदिग्धता रतीभरही घटत नाही. शेजारच्या गावात खरोखर मूल हरवले आहे काय, हे कोणी चौकशी करून सांगितले तर ती घटते.

भय आधी की अफवा आधी, हा प्रश्नही विचार करण्यासारखा आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळ येथे प्रचंड भूकंप झाला. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा टिपून ठेवल्या. जेथे हादरा बसला पण फारशी हानी झाली नाही, अशा भागांतही अमक्या दिवशी भयंकर वादळ होणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अशा वार्ता कर्णोपकर्णी झाल्या होत्या. पुढे लिऑन फेस्टिंगर यांस या नोंदींचे कोडे पडले. घाबरलेल्या माणसाने स्वतःस आणखी घाबरविणाऱ्या गोष्टी का रचाव्यात? त्यांनी काढलेला अर्थ असा : भय मनात आधीच शिरलेले होते, परंतु भोवती पाहावे तर घरे उभी! भयाला साजेसे कारण दिसेना, म्हणून मनाने ते पुढच्या संकटाच्या रूपाने निर्माण केले. फेस्टिंगर यांच्या १९५७ सालच्या प्रसिद्ध सिद्धान्ताचा, म्हणजे मनातील विसंगती माणसास सहन होत नाही या विचाराचा, एक उगम येथे आहे. घाबरलेल्या पालकास ‘उगाच भिता’ असे म्हटल्यास तो आणखी कारणे शोधू लागतो, हा आपला नित्याचा अनुभव यावरून उलगडतो.

आता बातमी तोंडोतोंडी जाताना तिचे काय होते ते पाहू. ऑलपोर्ट व पोस्टमन यांनी एक चित्र एकास दाखवून त्याचे वर्णन दुसऱ्यास, दुसऱ्याकडून तिसऱ्यास, असे पुढे पाठविले. पाचसहा तोंडे होईपर्यंत सुमारे ७० टक्के तपशील गळून गेला. उरला तो अधिक ठळक झाला, आणि शेवटी सांगणाऱ्याच्या पूर्वग्रहाच्या साच्यात बसला. एका चित्रात गोऱ्या माणसाच्या हाती वस्तरा होता. निम्म्याहून अधिक खेपांत, वर्णन पुढे जाताना कोठे ना कोठे, तो वस्तरा शेजारच्या काळ्या माणसाच्या हाती गेला. आपल्याकडे वस्तरा कोणाच्या हाती जातो, हे राईनपाड्याने दाखविले आहे. ज्याचे गाव ठाऊक नाही, भाषा निराळी, वेष निराळा, त्याच्या.

हा प्रयोग इयत्ता चौथीपासून पुढे कोणत्याही वर्गात बिनखर्ची करता येतो. आठ मुले बाहेर उभी करावीत. बाजाराचे किंवा जत्रेचे बारकाव्यांनी भरलेले चित्र पहिल्यास दाखवावे आणि त्याने ते पाहून झाल्यावर झाकून ठेवावे. एकेकाने आत येऊन आधीच्याचे वर्णन ऐकावे व ते पुढच्यास सांगावे. बाकीच्या वर्गाने काय गळले, काय वाढले, ते पाटीवर टिपावे. मुले खूप हसतात, त्यांस हसू द्यावे. मात्र शेवटच्या मुलास कोणी खोटा म्हणू लागल्यास तेथेच थांबवून विचारावे की, खोटे नेमके कोणी सांगितले? बहुधा कोणीच सांगितलेले नसते, आणि तास तेथेच खऱ्या अर्थाने सुरू होतो.

अफवेचे निरसन करतानाही थोडी दक्षता हवी. १९७७ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांपुढे काही विधाने दोन दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मांडण्यात आली. विधान खरे असो वा खोटे, जे पुनःपुन्हा कानी पडले ते अधिक खरे वाटू लागले. यास्तव पालकसभेत ‘टोळी आली ही गोष्ट खोटी आहे’ असे चारदा म्हणू नये. त्यातील ‘टोळी आली’ एवढेच लक्षात राहते. आधी पोलीस पाटलांस व ठाण्यास विचारावे. मग ‘तालुक्यातील अमुक ठाण्यात आज चौकशी केली, मूल हरवल्याची एकही नोंद नाही’ असे स्थळकाळासह सांगावे. संशय वाटल्यास कोणासही न अडविता, न मारता ११२ क्रमांकावर कळवावे, हेही त्याच सभेत सांगून टाकावे. फळ्यावर लिहिल्यास उत्तम.

गावाबाहेर भटक्यांची पाले पडली की पहिल्या दोनचार दिवसांत तेथे जाऊन यावे. त्या मुलांस शाळेत प्रवेश देणे हे आपले कर्तव्य आहेच, आणि वर्षाच्या मध्ये आली म्हणून त्यांस परत पाठविता येत नाही. ती वर्गात बसू लागली म्हणजे भूगोलाच्या तासाला जिल्ह्याचा नकाशा काढून त्यांचा मार्ग त्यांच्याकडूनच भरून घ्यावा : कोणत्या गावाहून निघाली, कोणती नदी ओलांडली, कोणत्या बाजाराला थांबली. गावातील मुले तो मार्ग घरी जाऊन सांगतात.