नक्कल झाली, पण प्रत उतरली का?

दिग्रस तालुक्यातील एका गावी नव्वदीकडे झुकलेल्या एका जलसाकाराचे गाणे आम्ही कॅमेऱ्याने टिपून घेतले. १९५६च्या धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत वऱ्हाडातल्या वस्त्यांतून म्हटली गेलेली आणि कोणत्याही पुस्तकात न आलेली गीते त्यांना मुखोद्गत आहेत. अडीच तासांची फाइल झाली, सुमारे २८ गिगाबाइटची. ती लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर उतरवली. पडद्यावरची हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली. लॅपटॉपवर आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर पुढच्या कामासाठी जागा हवी होती, म्हणून मूळ पुसून टाकले. यवतमाळला येऊन पेनड्राइव्ह लावला तेव्हा नाव होते, आकार होता, तारीख होती. गाणे उघडत नव्हते.

दोष कोणाचा, असे कोणी विचारील तर आधी आमचा. पण तेवढे कबूल करून भागत नाही. आज गावोगावी आपली तरुण मुले जुन्या कॅसेटी, सभांतली भाषणे, म्हाताऱ्यांच्या आठवणी संगणकावर घेत आहेत, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण ह्याच रीतीने नक्कल करतो. म्हणून आत काय घडते ते समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रस्थापितांच्या वाङ्मयाला ग्रंथालयांचा व संस्थांचा आश्रय मिळत आला. आपल्याकडे बहुधा एकच प्रत असते, आणि तीही कोणाच्या तरी पेटीत. खुद्द बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक वर्षे असेच पडून राहिले. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमली आणि वसंत मून ह्यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९ साली बाहेर पडला. पुढचे खंड ज्यांनी वाचले आहेत त्यांना ठाऊक आहे की मजकूर अपुरा आहे, पाने मिळत नाहीत, अशा संपादकीय टिपा जागोजाग येतात. त्या वाचताना जीव हळहळतो. परंतु कागदाचा एक प्रामाणिकपणा असा की, पान गेले तर ते गेलेले दिसते. संगणकातल्या फाइलीचे तसे नाही. तिचे नाव व आकार एका ठिकाणी नोंदलेले असतात आणि मजकूर दुसऱ्या ठिकाणी. मजकूर नासला तरी नोंद शाबूत राहते. सातबाऱ्यावर नाव असावे आणि जमीन दुसऱ्याच्याच ताब्यात असावी, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आता ती हिरवी पट्टी. संगणक फाइल वाचतो, आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो आणि तेथून बाहेरच्या डिस्ककडे धाडतो. डिस्क मंद असेल तर मजकूर त्या स्मृतीतच थांबून राहतो, आणि पट्टी मात्र पूर्ण झालेली दिसू शकते. त्याच क्षणी पेनड्राइव्ह उपटला, किंवा वीज गेली (आपल्याकडे ती कधी जाईल हे सांगायला नको), तर शेपटाकडचा भाग कधी पोचतच नाही. विंडोज-१० मध्ये २०१८ पासून ही उधारी कमी केलेली आहे, तरी ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा देऊनच डिस्क काढावी. चित्रफितींच्या बाबतीत तर शेपूटच मोलाचे असते. पुष्कळ कॅमेरे फाइलीची अनुक्रमणिका शेवटी लिहितात. ती गेली की आधीचे दोन तास धड असूनही काहीच उघडत नाही.

मग नक्कल खरी उतरली हे ओळखावे कसे? फाइल उघडून दोन मिनिटे पाहणे ही परीक्षा नव्हे. प्रत्येक फाइलीचा अंगठा घेता येतो. शा-२५६ नावाची गणिती रीत संपूर्ण फाइल वाचून ६४ अक्षरांची एक ओळ काढते. २८ गिगाबाइटांतला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. विंडोजमध्ये ह्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासूनच असते, लिनक्समध्ये शा-२५६-सम. सावकाराच्या कागदावर आपल्या आजोबांनी जे अंगठे दिले ते त्यांना वाचता न आलेल्या मजकुराखाली; हा अंगठा मात्र मजकूर अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय उमटत नाही. मुळाचा अंगठा घ्यावा, नक्कल करावी, डिस्क रीतसर काढून पुन्हा लावावी आणि मगच नकलेचा अंगठा घ्यावा. काढून लावणे वगळू नये, कारण तसे न केल्यास संगणक पुष्कळदा डिस्क वाचतच नाही. स्वतःच्या स्मृतीत उरलेला मजकूर वाचून ‘जुळते’ असे सांगतो.

अंगठे जुळले नाहीत तर गोंधळून जाऊ नये. ते कसे जुळत नाहीत ह्यातच दोषाचा पत्ता असतो. मूळ फाइलीचाच अंगठा दोनदा घेतला आणि दोन वेगळे आले, तर बाहेरच्या डिस्कला दोष देण्यात अर्थ नाही. संगणकाची स्मृती किंवा त्याची आतली डिस्क बिघडली आहे. हे फार लोकांच्या ध्यानात येत नाही आणि ते पेनड्राइव्हमागून पेनड्राइव्ह बदलत बसतात. मुळाचा अंगठा स्थिर, पण नकलेचा दर वाचनाला निराळा, तर केबल, खोबण किंवा डिस्कची पेटी संशयित. दोन्ही स्थिर पण परस्परांशी विसंगत, तर लिहितानाच चूक झाली आहे.

केबल ही वस्तू स्वस्त म्हणून दुर्लक्षिली जाते. फिरत्या तबकडीची बाह्य डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते. जुन्या यूएसबी-२ खोबणीतून ५०० मिलीअँपिअर मिळतात, यूएसबी-३ मधून ९००. लांब, सैल केबल किंवा स्वतःची वीज नसलेला हब मध्ये आला की डिस्क टिकटिक करते, तुटते, पुन्हा जोडली जाते. आखूड केबल घेऊन डिस्क थेट संगणकाला लावली तर निम्मे रोग जातात असा आमचा अनुभव आहे. आणखी एक अडचण फॅट-३२ ह्या जुन्या मांडणीची: तीत एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी मावतच नाही. काही कॅमेरे म्हणूनच एका मुद्रणाचे तुकडे पाडतात, आणि घाईत पहिलाच तुकडा उचलला जातो. बाकीचे गाणे ‘नासले’ म्हणून शोक होतो; प्रत्यक्षात ते कार्डावरच असते.

आमच्या पेनड्राइव्हचा रोग मात्र ह्यांपैकी कोणताच नव्हता. त्यावर ६४ गिगाबाइट असे छापले होते, संगणकही ६४ च सांगत होता. एफ-थ्री नावाचे मोफत साधन आहे. ते डिस्क ओळखीच्या मजकुराने काठोकाठ भरते आणि परत वाचून पाहते. त्याने निकाल दिला: खरी जागा ८ गिगाबाइट. त्यापुढे जे लिहिले जाईल ते स्वीकारल्याचे भासवायचे आणि सोडून द्यायचे, अशी त्या चिपेची रचनाच होती. नोंद डिस्कच्या सुरुवातीला असते, म्हणून नाव व आकार शाबूत. असा माल बाजारात सर्रास आहे. नवी डिस्क ह्या परीक्षेशिवाय कामात घेऊ नये. परीक्षेने डिस्कवरचे सारे भरून जाते, तेव्हा ती रिकामी असतानाच करावी. एफ-थ्री मिळाले नाही तर विंडोजवर एच-टू-टेस्ट हेच काम करते.

त्याच कॅमेऱ्याने घेतलेली दुसरी धड फाइल नमुना म्हणून देऊन हरवलेली अनुक्रमणिका पुन्हा बांधणारी साधने आहेत. त्यासाठी पेनड्राइव्हवरची फाइल, जेवढी वाचता आली तेवढी, आधी दुसरीकडे उतरवून घेतली होती. ही परीक्षेच्या आधीची गोष्ट. त्या रीतीने सुमारे ४० मिनिटे परत मिळाली: वंदना, सुरुवातीची चार गाणी, आणि पाचव्याचे धृपद. बाबा अजून गातात, पण दम पुरत नाही. येत्या पौर्णिमेला पुन्हा जायचे ठरले आहे, ह्या वेळी दोन डिस्क घेऊन. दोन्ही नकलांचे अंगठे मुळाशी जुळेपर्यंत कार्डाला कोणी हात लावायचा नाही, असे वहीत लिहून ठेवले आहे.