विमानतळाबाहेर : टॅक्सी की अ‍ॅप?

भातकुलीहून अमरावतीला ऑटोनं जाताना भाडं तोंडपाठ असतं. लेकाकडे परदेशी निघालेल्या आईबाबांची पंचाईत तिथं उतरल्यावर होते. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून मॅनहॅटनला पिवळ्या टॅक्सीचं भाडं डिसेंबर 2022पासून ठरलेलं : 70 डॉलर, वर टोल, अधिभार आणि टिप. दुबईत मीटरवर चालणारी टॅक्सी बिनघोर घ्यावी. सिंगापूरला उबर शोधत बसू नका. 2018मध्येच तिनं तिथला धंदा ग्रॅब या अ‍ॅप-टॅक्सी कंपनीला विकला. अ‍ॅप घरूनच सुरू करा, कारण ओटीपी येणार भारतीय सिमवर. कार्डावरचे परदेशी व्यवहारही बँकेतून आधीच चालू करून घ्या. गाडीचा नंबर अ‍ॅपवरच्या नंबराशी जुळल्याशिवाय बसायचं नाही. आणि विमानतळाच्या आतच येऊन बॅगेला हात घालणारा ‘टॅक्सी, टॅक्सी’वाला? त्याला सरळ नाही म्हणा.