उत्सर्जनाची ‘तीव्रता’: एका परिभाषेचा विचार

अर्थशास्त्रातील ‘डीकपलिंग’ हा शब्द आगगाडीच्या डब्यांची जोड सोडविण्याची आठवण करून देतो. मराठीत ‘विलगीकरण’ म्हणावे, तर करोनाच्या साथीने तो शब्द रुग्णशय्येशी जखडून टाकला आहे. म्हणून ‘फारकत’ हा जुना, कोर्टकज्जाचा वास असलेला शब्दच येथे पत्करतो. उत्पन्न वाढत जावे, पण त्याबरोबर कर्बवायूचे उत्सर्जन वाढू नये, ही ती फारकत.

तिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. उत्सर्जन उत्पन्नापेक्षा मंद गतीने वाढले, तर फारकत सापेक्ष. ते प्रत्यक्ष घटू लागले, तर निरपेक्ष. भारताने २०२२ मध्ये नोंदविलेल्या संकल्पानुसार २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाची ‘तीव्रता’ ४५ टक्क्यांनी कमी व्हावयाची आहे. २०२० पर्यंत ती ३६ टक्क्यांनी कमी झाली होती. तीव्रता म्हटले की साहित्याच्या अभ्यासकाला भावाची उत्कटता आठवते. येथे मात्र तो केवळ भागाकार आहे: एक रुपयाच्या उत्पादनामागे किती वायू? हिशेबापुरते समजू की उत्पादन वर्षाला ७ टक्के वाढले आणि तीव्रता ३ टक्के घटली. तरीही एकूण उत्सर्जन जवळजवळ ४ टक्क्यांनी वाढतेच. वृत्तपत्री अनुवादात ‘तीव्रता’ गळून ‘उत्सर्जन घटले’ एवढेच उरते, तेव्हा विधान खोटे होते.

ब्रिटनचे उत्सर्जन १९९० नंतर सुमारे निम्म्यावर आले, हे खरे. परंतु तेथे वापरल्या जाणाऱ्या कित्येक वस्तू आता आशियात बनतात व त्यांचा धूर आशियाच्या खात्यावर पडतो.

हे सारे बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्र्यात पडताळून पाहता येते. औषधे, विद्युत् उपकरणे, यंत्रांचे सुटे भाग यांच्या या वसाहतीपर्यंत १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका पोहोचली. रस्त्यावरची मोटार सुटली म्हणजे धूर सुटला, असे म्हणण्यापूर्वी मेट्रोची वीज कोठून येते हे विचारले पाहिजे. कर्नाटकाची विद्युत्-परंपरा पाण्याची: शिवनसमुद्राची वीज १९०२ मध्येच कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली. पुढे शरावती आली, रायचूरचा कोळसा आला, आणि अलीकडे पावगडचे सुमारे २,००० मेगावॉटचे सौरक्षेत्र. पण सूर्य मावळल्यावर रात्रपाळी थांबत नाही. देशाच्या वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी निम्मी २०२५ च्या मध्यास बिगर-जीवाश्म झाली, तरी प्रत्यक्ष निर्मितीत बहुतांश वाटा कोळशाचाच आहे. ‘क्षमता’ आणि ‘निर्मिती’ ही गल्लतीची दुसरी जोडी.

शिवाय कर्बापासून फारकत म्हणजे मनुष्याच्या झळीपासून फारकत नव्हे. शरावतीच्या विजेत धूर नाही. पण तिच्या जलाशयाने गावे बुडविली, आणि त्या बुडण्याची नोंद अर्थशास्त्राच्या कोष्टकांपेक्षा कन्नड कथात्म साहित्यात अधिक ठसठशीत आहे. ना. डिसोझा यांची ‘द्वीप’ ही कादंबरी व तिच्यावरील गिरीश कासारवळ्ळींचा २००२ चा चित्रपट अभ्यासकांना परिचित असतील. पावगडला जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली गेली. ही पद्धत विस्थापनापेक्षा निश्चित सौम्य. तथापि भाडे मिळते ते सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर नाव असलेल्याला, आणि त्या जमिनीवर रोजाने राबणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नसते.