यंत्र आणि समाज

यंत्रांनी समाज कसा पालटला, हे आम्ही वर्गात सांगत असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, समाज यंत्रास पालटीत नाही काय?" प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर आपल्या आष्टीच्या शिवारातील कापसातच सापडते.

सन १८६७ मध्ये आगगाडी वर्ध्यावरून नागपुरास पोहोचली आणि वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस थेट मुंबईच्या बंदरी जाऊ लागला. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी नागपुरात सुरू झाली. गिरणीचे सूत स्वस्त व एकसारखे. त्यापुढे घरच्या चरख्याचा निभाव लागेना. शेतात कापूस उदंड, पण सूत काढणारे हात रिकामे, अशी स्थिती झाली. येथवर यंत्राने समाज पालटला.

आता दुसरी बाजू पाहा. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा : चरखा हलका असावा, झोपडीत चालावा, स्त्रीस फार श्रम न होता आठ तास चालविता यावा, तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी आणि तो वीस वर्षे टिकावा. येथे झोपडीतील स्त्रीची शक्ती व ऐपत हेच यंत्राचे माप ठरले.

ते बक्षीस कोणासही मिळाले नाही. तरी प्रयत्न व्यर्थ गेला, असे आम्हांस वाटत नाही. पुढे तमिळनाडूतील एकांबरनाथन यांनी अंबर चरखा सिद्ध केला. गिरणीतील रूळ व अनेक चात्या यांची युक्ती त्यांनी हातचरख्यात आणली. हातसुताने गिरणीस हटविले नाही, हे खरे. परंतु गिरणीची विद्याही झोपडीच्या मापात बसविता येते, हे त्यावरून दिसून आले. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ मध्ये महात्मा गांधींनी केले. पालकांनी मुलांस तेथे एकदा अवश्य न्यावे.

विद्यार्थीहो, आज तुमच्या हाती फोन आहे, उद्या आणखी काही येईल. ते घेण्यापूर्वी आपल्याही अटी लिहून काढा : हे कोणाचे श्रम वाचविते, कोणाचे काम हिरावते आणि बिघडल्यास गावात दुरुस्त होते काय? त्या मुलास आम्ही हेच उत्तर दिले.