पहिला रोबोट घरीच करावा!

“आई, मला रोबोटचं किट पाहिजे,” हा हट्ट हल्ली घरोघरी ऐकू येतो. किंमत ऐकली की आईबापाच्या डोळ्यांपुढे महिन्याचा किराणा उभा राहतो. ते गप्प बसतात आणि हे आपल्यासाठी नाही, असे मूल समजून चुकते. पालकहो, ही समजूत त्याच्या मनात रुजू देऊ नका. पहिला रोबोट घरीही करता येतो. तो करण्याचे निम्मे ज्ञान नाशिक रोडच्या कामगार घरांत आधीच आहे.

नाशिक रोडला रेल्वेचा ट्रॅक्शन मशीन कारखाना आहे. तेथे विजेवरच्या इंजिनांच्या मोटारी दुरुस्त होतात. आर्मेचर, ब्रश, कम्युटेटर हे शब्द तेथल्या जुन्या कामगारांना पाठ असतात. खेळण्यातल्या छोट्या डी.सी. मोटारीतही हेच भाग असतात. तिच्या दोन तारांची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. आपला रोबोट एवढ्या एका नियमावर चालतो. त्याला संगणक लागत नाही.

सामान असे: गिअर असलेल्या दोन पिवळ्या मोटारी व त्यांची चाके, लांब पट्टीचे दोन मायक्रोस्विच, दोन-दोन पेन्सिल सेलचे दोन डबे, थोडी तार आणि बैठकीसाठी प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण. हे सारे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात सुटे मिळते. दोन मोटारी झाकणाखाली मागे, डाव्या-उजव्या बाजूंना बसवा. पुढे टेकू म्हणून एक गुळगुळीत मोठा मणी चिकटवा. दोन्ही स्विच पुढच्या टोकाला लावून त्यांच्या पट्ट्यांना खराट्याची काडी बांधा. या झाल्या रोबोटच्या मिशा.

आता जोडणी. एका डब्याची अधिक तार दुसऱ्या डब्याच्या उणे तारेला जोडा. या मधल्या जोडावर दोन्ही मोटारींची एकेक तार आणा. डाव्या स्विचचा ‘कॉमन’ पाय उजव्या मोटारीच्या उरलेल्या तारेला आणि उजव्या स्विचचा डाव्या मोटारीला जोडा. दोन्ही स्विचचे ‘एन.सी.’ पाय उरलेल्या अधिक टोकाला व ‘एन.ओ.’ पाय उरलेल्या उणे टोकाला लावा. एखादे चाक उलटे फिरले, तर त्या मोटारीच्या तारा अदलून लावा.

डावी मिशी भिंतीला टेकली की उजवे चाक मागे फिरते, डावे पुढे जात राहते आणि रोबोट उजवीकडे वळून वाट काढतो. हे पाहताना मूल विचारते, “असं का झालं?” शिक्षण इथूनच सुरू होते.

काही गोष्टींची काळजी घ्यावी. डाग देताना मोठे माणूस शेजारी असावे व खिडकी उघडी ठेवावी. बटनासारखे चपटे सेल लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ते गिळले तर अन्ननलिका आतून भाजते. मोबाईलची जुनी बॅटरी वापरू नये. खेळ संपला की सेल काढून ठेवावेत.

पुण्याच्या आयुकातील विज्ञानकेंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करायला शिकवत आले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१६ पासून सरकारने अनेक शाळांना ‘अटल टिंकरिंग लॅब’ दिल्या आहेत. आपल्या शाळेत अशी प्रयोगशाळा आहे का, असल्यास तिचे कुलूप मुलांसाठी उघडते का, हे पालकसभेत जरूर विचारावे. मुलींनाही तेथे पाठवावे. पाना आणि डागणी मुलाच्या हातात आणि झाडू मुलीच्या हातात, ही वाटणी आता पुरे.

‘रोबोट’ हा शब्द १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेतील ‘रोबोटा’ या शब्दावरून तो आला आणि त्याचा अर्थ वेठ. आपल्या आज्या-पणज्यांनी वेठ वाहिली. त्यांच्या पतवंडांनी या ‘रोबोटा’चा मालक आणि कारागीर व्हावे. येत्या रविवारी झाकण, तार आणि सेल घेऊन बसा, आणि मुलाशेजारी स्वतःही बसा.