पाऊणशे वर्षे अग्रस्थानी राहिलेली मूळ संख्या

दोनचा १२७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला असता १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही ३९ अंकी संख्या मिळते. ती मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. दोनच्या घातापेक्षा एकने लहान असणाऱ्या संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांचे नाव मिळाले आहे. १६४४ साली त्यांनी २५७ पर्यंतच्या ज्या घातांकांना अशी संख्या मूळ असते त्यांची यादी सिद्धतेविना दिली. तीतील ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले, ६१, ८९ आणि १०७ हे तीत असायला हवे होते असे आढळले. १२७ मात्र टिकला.

१७७२ साली गणितज्ञ ऑयलर यांनी ३१ या घातांकाची २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले, तेव्हा विभाजकांचे संभाव्य रूप ओळखून त्यांनी भागाकार पुष्कळ कमी केले, तरी मार्ग भागाकाराचाच होता. ३९ अंकी संख्येसाठी तो निरुपयोगी होता, कारण तिचे वर्गमूळच २० अंकी आहे.

१८७६ साली फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुकास यांनी विभाजक शोधण्याचा प्रयत्नच सोडून दिला, आणि या संख्येच्या इतिहासातील सर्वांत सखोल विचार हाच होय. संख्येऐवजी तिच्या पुढच्या संख्येकडे, म्हणजे दोनच्या शुद्ध घाताकडे, त्यांनी लक्ष वळवले. फिबोनाची क्रमिकेच्या गुणधर्मांवरून त्यांनी अशी कसोटी तयार केली: ३ पासून आरंभ करावा, दर वेळी वर्ग करून २ वजा करावे आणि तपासायच्या संख्येने भागून उरलेली बाकी पुढे न्यावी. दोनच्या सातव्या घातातून १ वजा करून येणाऱ्या १२७ या संख्येसाठी ३, ७, ४७, ४८, १६, ० अशा बाक्या येतात आणि शेवटचे शून्य ती मूळ असल्याची ग्वाही देते. ३९ अंकी संख्येसाठी हेच शून्य १२५व्या पायरीवर येते. शिवाय द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ ० आणि १ हे अंक वापरून लिहिले असता, भागाकार करावाच लागत नाही, कारण १२७ स्थानांच्या पलीकडे गेलेला भाग उरलेल्या भागात मिळवला की पुरते.

याच विचाराने लुकास यांनी ६७ या घातांकाची संख्या मूळ नसल्याचे एकही विभाजक न सांगता दाखवले. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव गणितज्ञ कोल यांनी १९०३ साली मांडले. १९३० साली गणितज्ञ लेहमर यांनी लुकास यांची कसोटी सुटसुटीत करून आरंभ ४ पासून केला, आणि तिचा पाया आजही तोच आहे.

१९५१ पर्यंत लुकास यांची ३९ अंकी संख्या हीच ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. त्या वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ७९ अंकी मूळ संख्या सापडली, आणि २०२४ साली हा विक्रम ४,१०,२४,३२० अंकांवर गेला. यंत्राच्या साहाय्याविना सिद्ध झालेल्या मूळ संख्यांत मात्र लुकास यांच्याच संख्येला अग्रमान आहे.

गणितज्ञ कातालाँ यांनी १८७६ सालीच दाखवून दिले की २ हा घातांक घेऊन ३, ३ घेऊन ७, ७ घेऊन १२७ आणि १२७ घेऊन ही संख्या मिळते, आणि या साखळीतील इथपर्यंतच्या सर्वच संख्या मूळ आहेत. तिच्यातील पुढची संख्या मूळ आहे की नाही हे आजही अज्ञात आहे, कारण तिच्यातील अंकांची संख्याच ३८ अंकी आहे.