वैफल्य सोसण्याची विवेकनिष्ठ रीत

मनाजोगते न घडल्यामुळे येणारे वैफल्य आणि त्या वैफल्यापायी माणूस स्वतःची करून घेतो ती होरपळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कोणालाच टाळता येत नाही, मात्र दुसरी बऱ्याच अंशी माणसाच्या हातात असते, या भेदावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी आपली उपचारपद्धती उभारली. सुरुवातीला मनोविश्लेषणाचा व्यवसाय करणाऱ्या एलिस यांना, बालपणीच्या आठवणी कितीही उकरल्या तरी रुग्णाच्या आजच्या वागण्यात पुरेसा फरक पडत नाही, असे दिसू लागले. तेव्हा एपिक्टेटस या स्टोइक तत्त्ववेत्त्याच्या विचारांचा आधार घेऊन त्यांनी १९५५ मध्ये जी पद्धत मांडली, ती मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. घटना आणि भावना यांच्यामध्ये त्या घटनेविषयीचा समज उभा असतो आणि भावनेची तीव्रता मुख्यतः तोच ठरवतो, हे तिचे मूळ सूत्र होय.

लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा देऊन थोडक्या गुणांनी मुलाखतीची यादी हुकलेल्या उमेदवाराला वाईट वाटणे स्वाभाविक आहे आणि ते वाटू नये असे एलिस म्हणत नाहीत. पण त्याच रात्री अभ्यासिकेतून खोलीवर परतताना ‘एवढी वर्षे घातल्यावर निवड व्हायलाच हवी होती, आता हे सोसवत नाही, आपण कशाच्याच लायकीचे नाही’ अशी वाक्ये त्याच्या मनात घोळू लागली, की दुःखाची जागा खचलेपण घेते. पहिल्या वाक्यात इच्छेचा हट्ट झालेला असतो. दुसऱ्यात, जिला एलिस अल्प वैफल्य-सहनशीलता म्हणतात, ती गैरसोय अजिबात न पेलण्याची समजूत असते. आणि तिसऱ्यात एका निकालावरून अख्ख्या माणसाची किंमत ठरवलेली असते. या प्रत्येक वाक्याशी वाद घालावा, असे ही पद्धत सांगते: कष्टांना फळ मिळावे ही इच्छा रास्त, पण ते मिळालेच पाहिजे असा जगाचा नियम कोठे आहे? सोसवत नाही म्हणणारा ते या क्षणी सोसतोच आहे, हे कसे नाकारायचे? यात अन्यायापुढे मान तुकवण्याचा उपदेश नाही. भरतीची जाहिरात रखडली तर दाद मागावीच, आणि खचलेल्या मनापेक्षा शांत मनाला ती अधिक नेटाने मागता येते.

नुसत्या वादाने मात्र भागत नाही. वागून पाहावे लागते. स्त्रियांशी बोलण्याची धास्ती घालवण्यासाठी एकोणीस वर्षांच्या एलिस यांनी न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी संभाषण सुरू केले. त्यांतली एकच भेटायला कबूल झाली आणि तीही आली नाही. धास्ती मात्र गेली. महाराष्ट्रात या विचारांचा प्रसार कि. मो. फडके यांनी चिकाटीने केला, तर अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने एलिस यांचे आयुष्य मराठी वाचकांपर्यंत पोहोचवले.

आंतरिक समाधानाविषयी एलिस यांचे म्हणणे काहीसे कोरडे वाटेल, कारण त्यात साक्षात्काराला जागा नाही. स्वतःला कोणत्याही अटीविना स्वीकारावे आणि आपल्याबाहेरच्या एखाद्या कामात, कलेत किंवा चळवळीत दीर्घकाळ रमावे, एवढेच ते सुचवतात. तसे रमणे पहिल्या दिवसापासून सुखाचे नसते. तबला शिकणाऱ्याला एकच कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, महिनोन्‌महिने घोटावा लागतो, त्या काळात बोट नीट पडत नाही, लय सुटते, गुरुजी पुन्हा पहिल्या बोलावर आणतात. ही कटकट आपल्याला झेपत नाही असे ठरवून जो उठतो, त्याच्या वाट्याला पुढची तल्लीनता येतच नाही.